इको असताना शवविच्छेदन कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

हृदयातल्या गाठींवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, ‘इकोत सहज दिसणाऱ्या गाठीसाठी शवविच्छेदनाचं एवढं कौतुक कशाला? मेलेल्या माणसाला निदानाचा काय उपयोग?’ प्रश्न रोखठोक आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

इकोच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी होणाऱ्या हृदयाच्या तपासणीच्या, मोलाबद्दल आपलं दुमत नाही. १९५०च्या आधी अशा गाठी बहुतेक वेळा मृत्यूनंतरच सापडत. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे हृदयरोगतज्ज्ञ एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल टिपली. १९५९मध्ये जर्मनीत एफर्ट आणि डोमानिग यांनी त्याच तंत्राने डाव्या अलिंदातली (हृदयाच्या वरच्या कप्प्यातली) गाठ ओळखली. देठावर लोंबणारा मिक्सोमा (हृदयातली मऊ, कर्करोग नसलेली गाठ) ठोक्यागणिक वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या माइट्रल झडपेत उतरतो आणि परत वर जातो, हे फक्त जिवंत हृदयातच दिसतं. पण ती गाठ आहे की रक्ताची गुठळी, याचा शेवटचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखालीच होतो.

आणि काही गाठी इकोला बहुधा सापडतच नाहीत. हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे ठोक्याचा विद्युतसंदेश नेणाऱ्या एव्ही नोडमध्ये कधीकधी अगदी छोटी, जन्मजात, पोकळ्या-पोकळ्यांची गाठ असते. कर्करोग नाही, पसरत नाही. तरी संदेश अडतो, हार्ट ब्लॉक होतो आणि धडधाकट दिसणारं माणूस अचानक जातं. शवविच्छेदनातही नुसतं हृदय उघडून, रक्तवाहिन्या पाहून ती हाती लागत नाही. नोडचा भाग वेगळा काढून त्याचे पातळ छेद तपासावे लागतात. तरुण माणसाच्या अचानक मृत्यूत अख्खं हृदय फॉर्मॅलिनमध्ये (ते कुजू न देणाऱ्या द्रावात) ठेवून पॅथॉलॉजीकडे जायलाच हवं, असं मी आग्रहाने म्हणते ते यासाठी. ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ एवढ्या ओळीतून घरच्यांना काहीच कळत नाही.

उपयोग विचारलात, तर तो मागे राहिलेल्यांना होतो. बहुतेक मिक्सोमा आनुवंशिक नसतात. पण कार्नी कॉम्प्लेक्स या विकारात ते घराण्यात चालत येतात, आणि आईवडिलांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के. ओठांवर, पापण्यांवर बारीक काळसर ठिपके ही त्याची एक खूण. मृताच्या हृदयात मिक्सोमा सापडला आणि असे ठिपके घरात इतरांनाही असतील, तर भावंडांचा, मुलांचा इको करायला हवा, तोही ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा, कारण यात नव्या गाठी होऊ शकतात. तुमचा इको इथेच जीव वाचवतो, पण तो कुणाचा करायचा हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

आपल्या माणसावर चाकू चालणार, ही कल्पना घरच्यांना असह्य होते, हे मी जाणते. तरीही, तुमच्या ओळखीत असा मृत्यू झाला असेल आणि शवविच्छेदन झालं असेल, तर हृदयाचा हिस्टोपॅथॉलॉजी अहवाल (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा) मागून घ्या आणि हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा.