बुलेटची थरथर आणि बिचारा जीपीएस

नाशिकच्या रायडर मंडळींमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: 'बुलेटच्या थरथरीने जीपीएसचं लोकेशन सरकतं, कंपास बिघडतो, शेवटी यंत्रच बंद पडतं. त्यापेक्षा मोबाइल लावा, त्याला काही होत नाही.' यातलं जेमतेम एक अर्धं खरं आहे.

लोकेशन सरकतं म्हणे. अहो, उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर. तिथून संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून रिसीव्हर अंतर काढतो. मोकळ्या आभाळाखालीही त्याची चूक पाच-एक मीटरची असते. हँडल थरथरतं मिलिमीटरभर. मग नाशिकच्या द्वारका चौकात उड्डाणपुलाखालून जाताना नकाशावरचा बाण पुलावर का चढतो? तो कारमध्येही चढतो! डोक्यावर काँक्रीट असल्याने काही संदेश अडतात, काही इमारतींवर आपटून उशिरा येतात. त्यात नकाशावर पूल आणि खालचा रस्ता एकावर एक. कसारा घाटात हेच संदेश अडवायचं काम डोंगराचा कडा करतो.

कंपासचं म्हणाल, तर सिग्नलला थांबल्यावर बाण गरगरतो हे खरं. पण गाडी उभी असताना जीपीएसला दिशा कळणार कुठून? मग चुंबकी कंपासवर भिस्त, आणि शेजारी गाडीचं लोखंड नाहीतर होल्डरमधलं चुंबक. गाडी हलली की बाण सरळ.

यंत्र बंद पडतं, हे मात्र खरं. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या जुन्या हँडहेल्ड यंत्रांच्या बाबतीत. सेल आत नाचतात, क्षणभर संपर्क तुटला की स्क्रीन काळी. सेल काढून बघा, टोकाला चकचकीत घासलेला डाग दिसेल. सेल आणि झाकण यांच्यामध्ये फोमची पट्टी दाबून बसवा, नाहीतर गाडीच्या बॅटरीवरून वायर घ्या. यंत्र फेकायची गरज नाही.

आणि मोबाइलला काही होत नाही? कमाल आहे! ॲपलनेच सप्टेंबर 2021 मध्ये बजावलंय की, जास्त ताकदीच्या इंजिनाच्या मोटरसायकलवर आयफोन लावू नका. चित्र हलू नये म्हणून कॅमेऱ्याची लेन्स आत सरकती ठेवलेली असते. सततच्या हादऱ्यांनी ती यंत्रणा बिघडू शकते आणि फोटो धूसर येऊ लागतात. मोपेड-स्कूटरवरसुद्धा हादरे शोषणारा होल्डर वापरा, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे जीपीएस काढून महागडा फोन लावायचा सल्ला अगदी उलटा. घरात जुना फोन पडून असेल तर तो लावा खुशाल. नवा जॅकेटच्या खिशात राहू द्या.