घोरणारा मुडदा

बारावी झाल्यावर मी कलेला वाहून घेतलं, म्हणजे वडश्याला खोली घेतली. गडचिरोली जिल्ह्यातलं हे गाव कागदावर देसाईगंज असलं तरी नाटकवाल्यांसाठी वडसाच. झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाट्यमंडळं इथंच ठाण मांडून बसलेली. दिवाळी ते होळी हंगाम. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, नाहीतर मंडई, म्हणजे गावची जत्रा; रात्री नाटक.

खोलीत आम्ही तिघं: मी नट, दुसरा पडदे रंगवणारा, तिसरा तबलजी. ब्लँकेट एकच. ज्याला त्या रात्री काम नसेल, ते त्याचं. त्यामुळे आमच्यात ब्लँकेट मिळणं ही बेइज्जती समजली जाई. मी बरेच दिवस अगदी उबदार झोपत होतो.

शेवटी भूमिका मिळाली. नायिकेचा भाऊ. पहिल्याच अंकात खून. वाक्य एकच, "ताई, मी चाललो!" तेही विंगेतून प्रॉम्प्टरनं सांगितल्याशिवाय मला आठवत नसे. आमच्याकडे तालमींना वेळ कुठला? हंगामात सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. त्याचा घसा बसला की देवसुद्धा मुका.

पण मरणं सोपं होतं, मेलेलं राहणं कठीण. नाटक रात्री दहाला सुरू होऊन उजाडता संपायचं. धान निघालेल्या बांधीत उभारलेलं स्टेज, पौषाची थंडी. समोर तनसावर बसलेलं पब्लिक चादरी गुंडाळून, आणि माझ्या अंगावर धोतराचं विरलेलं फडकं. त्यात खलनायकानं खुनाच्या आनंदात लावणी ठेवलेली. पब्लिक 'वन्स मोर' करी. प्रत्येक वन्स मोरला माझं मरण दहा मिनिटांनी लांबे. आपल्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांनी ५,०००हून अधिक प्रयोग केले, ८०० भूमिका केल्या, २०२३ साली पद्मश्री मिळवली. मी पडल्या पडल्या हिशोब करी: रोज एक मुडदा धरला तरी पद्मश्रीपर्यंत आपला खरोखरचा मुडदा होणार.

एका रात्री तिसऱ्या वन्स मोरला माझा डोळा लागला. नायिका माझ्या छातीवर डोकं ठेवून टाहो फोडत होती, "बोल रे भावा, एकदा तरी बोल!" आणि मी घोरलो. साधंसुधं नाही, ऑर्गनवाल्यानं सूर थांबवून मागं पाहिलं.

पब्लिक फुटलं. पुढच्या रांगेतली एक आजी उभी राहिली. "अवो बाई, रडू नोको! पोट्टा जिता आहे! पांघरू तं घाला त्याले, थंडीनं मरन ना!" आणि तिनं आपली वाकळ स्टेजवर फेकली. मी डोळे मिटूनच ती ओढून घेतली. याला टाळ्या पडल्या. माझ्या कारकिर्दीतल्या पहिल्या.

मालक पहाटे माझा खरा खून करणार होते. तेवढ्यात शेजारच्या गावचे मंडळवाले नाटक ठरवायला आले. मानधनावर घासाघीस झाली आणि जाता जाता त्यांनी विचारलं, "घोरनारा मुडदा येईन ना जी?"

मालकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. चहासुद्धा पाजला.

त्या गावी तोबा गर्दी. मी मेलो, आडवा झालो, डोळे मिटले. लावणी झाली, चार वन्स मोर झाले, नायिकेनं टाहो फोडला. विंगेतून प्रॉम्प्टर जीव तोडून कुजबुजत होता, "घोर बे! घोर!"

पण झोप येईल तर शपथ.