दुसरी बाटली

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एसटीवरून चांगलीच जुंपली. ड्यूटीवर चढण्याआधी चालकाने रोज दारू तपासणाऱ्या यंत्रात फुंकर मारावी की नाही, हा वाद. बहुतेकांचं म्हणणं, मारायला लावा आणि सापडला की तिथल्या तिथे घरी बसवा. माझा मामेभाऊ एसटीत चालक आहे. तो एवढंच म्हणाला, "यंत्र चुकलं तर मी कुणाकडं जायचं?" त्यावर सगळे गप्प.

मी न्यू जर्सीत एका बस डेपोत ब्रेकचं काम करतो. १९९१ च्या कायद्यामुळे इथे चालकांबरोबर गाड्या दुरुस्त करणारे आम्हीही दारू आणि अमली पदार्थांच्या चाचणीत येतो. ४ जानेवारी १९८७ ला मेरीलँडमध्ये मालगाडीची इंजिनं ॲमट्रॅक कंपनीच्या प्रवासी गाडीच्या वाटेत आली आणि १६ माणसं गेली. इंजिनचालकाने गांजा ओढला होता. त्यामुळे चाचणी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अचानक होणाऱ्या चाचणीसाठी माझं नाव पहिल्यांदा निघालं ते दिवाळीनंतर. निरोप आला की हातातलं काम टाकून जायचं. खिसे रिकामे करायचे. लघवीत पाणी मिसळता येऊ नये म्हणून नळ बंद, संडासाच्या भांड्यात निळं पाणी. कपाला तापमानाची पट्टी, ती चार मिनिटांच्या आत बघतात. मग माझ्या डोळ्यांदेखत लघवी दोन बाटल्यांत ओतली, सील केली, सीलवर माझी सही घेतली. लाज वाटते हो, आजही वाटते. आदल्या रात्री मी आईने पाठवलेले अनारसे खाल्ले होते. अनारशांवरच्या खसखशीमुळे चाचणीत मॉर्फिन, म्हणजे अफूतलं द्रव्य, दिसू शकतं, हे मला नंतर कळलं. त्याच कारणाने इथल्या सरकारने १९९८ मध्ये दोषी धरण्याची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. माझा निकाल चांगला आला. नसता आला, तर आधी डॉक्टरचा फोन आला असता, काही औषध चालू आहे का म्हणून. शिवाय ७२ तासांच्या आत मला म्हणता आलं असतं, दुसरी बाटली दुसऱ्या लॅबमध्ये तपासा. फुंकरीतही दारूच्या प्रमाणाचा आकडा ०.०२ किंवा जास्त आला, तर पंधरा मिनिटं थांबवून पुन्हा घेतात.

भावाला हवी आहे ती ही दुसरी बाटली. २०२५ मध्ये केरळात पंदळमच्या डेपोत फणस खाल्लेले चालक यंत्रात सापडले होते. न प्यायलेल्या माणसाची अब्रू अशी फणसाच्या गऱ्यापायी जाऊ शकते. तोंडाला वास, अडखळतं बोलणं, झोकांड्या, एवढ्यावरून माणूस प्यायला होता असं ठरवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच महाराष्ट्रातल्या एका चालकाच्या खटल्यात सांगितलं आहे. तिथे रक्ताची किंवा लघवीची तपासणीच झालेली नव्हती.

पण इथलं सगळं उचलू नका. फुंकर आत्ताची दारू सांगते, लघवी मागच्या आठवड्यातलाही गांजा सांगते. न्यू जर्सीत २०२२ पासून गांजा दुकानात मिळतो, तरी केंद्राच्या नियमामुळे शनिवारी ओढलेला चालक बुधवारी शुद्धीत असूनही कामावरून जातो. हा मला सरळ अन्याय वाटतो.

उचलायचीच तर परतीची वाट उचला. वेस्ट व्हर्जिनियातला कोळसा कंपनीचा एक चालक दोनदा गांजात सापडला. लवादाने त्याला बिनपगारी निलंबित केलं, कडक अटी घातल्या, पण नोकरी वाचवली. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००० मध्ये हरली. आमच्याच डेपोतला एक जण उपचार घेऊन परत आलाय. पहिल्या वर्षात किमान सहा वेळा त्याची अचानक चाचणी होते. माझ्या शेजारच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात तो काम करतो. त्याने बसवलेल्या ब्रेकवर माझा विश्वास आहे. दारू सोडायला निघालेल्या माणसाची भाकरी काढून घेतली, तर तो पुन्हा गुत्त्यावरच जाणार.

मामेभावाची गाडी मुक्कामी असते. रात्री गावात थांबते, तो गाडीतच झोपतो आणि पहाटे साडेपाचला निघतो. डेपो तिथून चाळीस किलोमीटर. तिथे त्याची फुंकर कोण घेणार, आणि यंत्र चुकलं असं तो म्हणाला तर तासाभरात रक्त काढायला कुठलं ग्रामीण रुग्णालय उघडं असणार? ग्रुपवर मी हे विचारलंय.