इनपुट अडलं म्हणून पायथन उडवू नका

प्रॅक्टिकलच्या तोंडावर नागपुरातल्या बीसीएच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, आणि आता तो माझ्या भाचीपर्यंतही पोचलाय. म्हणे, सबलाइम या कोड लिहायच्या एडिटरमध्ये इनपुट घेणारा प्रोग्राम चालवल्यावर ‘ईओएफ (एंड ऑफ फाइल) एरर’ आली तर पायथन बिघडलं. ते काढून त्याचं जुनं 2.7 व्हर्जन टाका, अँटिव्हायरस बंद करा, इनपुटची ओळ ट्राय-एक्सेप्टमध्ये, म्हणजे एरर पकडणाऱ्या कोडमध्ये, घाला. नाहीच जमलं तर पायथनसोबत येणारा आयडल हा एडिटर वापरा.

काहीही बिघडलेलं नाही. पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये इनपुट फंक्शनखालीच लिहिलंय की वाचताना फाइलचा शेवट लागला तर हीच एरर येते. सबलाइममध्ये कंट्रोल-बी दाबल्यावर खालच्या पॅनेलमध्ये फक्त आउटपुट दिसतं, कीबोर्ड प्रोग्रामला जोडलेलाच नसतो. ‘संख्या द्या’ छापून होतं, प्रोग्राम वाचायला जातो आणि तिथे काहीच नसतं.

2.7 चा सल्ला तर घातक आहे. त्याचा सपोर्ट 1 जानेवारी 2020 लाच संपला. ते टाकूनही एरर तीच येणार, कारण अडचण सबलाइमच्या पॅनेलची आहे. शिवाय 2.7 मधलं इनपुट तुम्ही टाइप केलेलं कोड समजून चालवतं. शहर विचारल्यावर इंग्रजी अक्षरांत नागपूर लिहा, ‘हे नाव डिफाइन केलेलं नाही’ म्हणत प्रोग्राम बंद पडतो. मेसेज पाठवणाऱ्यानं एकदा स्वतः करून तरी पाहायचं!

अँटिव्हायरसचा इथे काडीचा संबंध नाही. ट्राय-एक्सेप्टनं एरर झाकली जाते, आकडा मिळत नाही.

आयडलमध्ये इनपुट चालतं, एवढं मान्य. पण त्यासाठी एडिटर बदलायला नको. कंट्रोल-एस दाबून फाइल सेव्ह करा. हे विसरलं की जुनाच कोड चालतो. विंडोजमध्ये त्या फोल्डरच्या ॲड्रेस बारमध्ये सीएमडी लिहून एंटर दाबा. काळ्या खिडकीत ‘पी-वाय’ ही दोन अक्षरं, स्पेस आणि फाइलचं पूर्ण नाव लिहा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये कोड रनर हे एक्स्टेंशन वापरत असाल, तर सेटिंगमध्ये ‘रन इन टर्मिनल’वर टिक करा.

तेच आकडे पुन्हा पुन्हा टाकायचे असतील, तर ते एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहा आणि त्याच कमांडपुढे ‘पेक्षा लहान’चं चिन्ह देऊन त्या फाइलचं नाव द्या. प्रत्येक इनपुटसाठी वेगळी ओळ हवी. तीन इनपुट आणि दोनच ओळी असतील, तर तिसऱ्याला पुन्हा ईओएफ एरर येईल. 12 आणि 8 एकाच ओळीत लिहून थेट इंट केलं, म्हणजे पूर्णांकात बदलायला गेलात, तर व्हॅल्यू एरर येईल.