बाळ झोपल्यावर तुले झोप लागते का?

तपासणीला गेलेल्या गरोदर बाईचं वजन होतं, बीपी होतो, रक्त काढतात, लोहाच्या 180 गोळ्यांचा हिशेब होतो. मन कसं आहे, हे विचारणारं क्वचितच कोणी भेटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार आपल्यासारख्या देशांत गरोदरपणी सुमारे 15.6 टक्के आणि बाळंतपणानंतर 19.8 टक्के बायकांना मानसिक आजार होतो, त्यात उदासीनता, म्हणजे डिप्रेशन, सर्वात जास्त. गावात पाच बाळंतिणी असतील तर त्यातली एक. तरी तिला नाव पडतं ते आळशी, नाहीतर नखरेल.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे की विचारा. आणि विचारायचं कसं तेही शिकून घ्या, कारण चुकीचं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "नाही जी, काही नाही."

"तुला डिप्रेशन आहे का" असं विचारून वऱ्हाडात कोणाचं तोंड उघडत नाही. इथली बाई सांगते ती आंगदुखी, डोकं जड, जीव घाबरते, काही सुदरत नाही. मग तिला दुखण्याची गोळी मिळते आणि ती घरी येते. त्यापेक्षा झोपेवरून सुरुवात करा: बाळ झोपल्यावर तुले झोप लागते का? नुसती दमलेली आई लेकरू झोपलं की पाचव्या मिनिटाला घोरते. उदासीनतेतली आई लेकरू शांत झोपलेलं असतानाही आढ्याकडे पाहत पडून राहते. हा फरक कोणत्याही शिक्षणाशिवाय ओळखता येतो.

त्यानंतरचे दोन प्रश्न. गेल्या महिनाभरात उदास, हताश वाटत राहिलं का? पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात आता मन लागत नाही का? एकालाही होकार आला तर पुढची तपासणी हवी. त्यासाठी 1987 साली तयार झालेली एडिनबर्ग प्रश्नावली आहे. दहा प्रश्न, फक्त गेल्या सात दिवसांबद्दलचे, एकूण गुण 30. तेरा किंवा जास्त आले तर डॉक्टरकडे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. त्याचं उत्तर "कधीच नाही" याशिवाय दुसरं काहीही आलं, तर एकूण गुण किती हे न बघता त्याच दिवशी हालचाल करायची. जीव द्यायच्या विचाराबद्दल विचारल्यानं तिच्या डोक्यात ते येतं, ही भीती खोटी आहे. विचारलं की उलट ओझं हलकं होतं.

प्रश्न एकटीला गाठून विचारा. सासू उशाशी बसलेली असताना "सासरी त्रास आहे का" याचं खरं उत्तर कोण देईल? सासूबाईंना चहा ठेवायला सांगा, तेवढी दहा मिनिटं पुरतात.

एक गोष्ट मात्र घाबरण्यासारखी नाही. बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उगाच रडू येणं, चिडचिड होणं खूप जणींना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. पंधरा दिवसांनंतरही टिकलं, वाढलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर तो आजार समजायचा. त्यातही आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडतो तेव्हाही थकवा आणि उदासी अशीच दिसते.

घरच्यांनी काय करायचं? पाजणं सोडून रात्रीची बाकी सगळी कामं दुसऱ्यानं करायची. ढेकर काढणं, दुपटी बदलणं, निजवणं. हे काम बापाला जमतं, आजीनंच करावं असं नाही. दुपारी दोन तास कोणी पाहुणा खोलीत नको. सवा महिना अंधाऱ्या खोलीत कोंडण्यापेक्षा सकाळी अंगणात उन्हात बसू द्या, थोडं चालू द्या. शेगडी घेऊन दार-खिडकी बंद करणं तर मुळीच नको, कोळशाचा वायू वास न येता जीव घेतो. आणि "दुसरीही पोरगीच" हे वाक्य त्या खोलीत कोणी उच्चारायचं नाही, कौतुकातसुद्धा नाही.

हे साधं वाटतं, पण साधेपणातच ताकद आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आपल्या आशाताईंसारख्या कार्यकर्त्यांनी उदासीनतेतल्या गरोदर बायकांना घरी जाऊन ठरावीक पद्धतीनं बोलतं केलं, घरच्यांना सोबत घेतलं. त्याचा अहवाल 2008 मध्ये आला. सहा महिन्यांनी नेहमीच्या भेटी मिळालेल्यांपैकी 53 टक्के बायका आजारी होत्या, या पद्धतीच्या भेटी मिळालेल्यांपैकी 23 टक्के. त्या कार्यकर्त्या डॉक्टर नव्हत्या.

आजार जास्त असेल तर औषध लागतं. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठव्या दिवशी "गुण नाही" म्हणत सोडू नका, आणि बरं वाटल्यावर स्वतःच्या मनानं बंदही करू नका. सर्ट्रालिनसारखं औषध चालू असताना अंगावर पाजता येतं. आधीपासून फिटचं किंवा मानसिक आजाराचं व्हॅलप्रोएट चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं, ते गर्भाला घातक आहे.

हजारात एक-दोघींना वेगळंच होतं. रात्र-रात्र झोप नाही तरी थकवा नाही, असंबद्ध बोलणं, आवाज ऐकू येणं, "हे माझं बाळ नाही, बदललं" असं म्हणणं. गावात याला "बाहेरचं" म्हणतात आणि दोन दिवस उतारा-गंडादोऱ्यात जातात. ते दोन दिवसच धोक्याचे. बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका, 108 ला फोन करा, त्याच रात्री.

आणि ज्या घरी बाळ दगावलं तिथे? बाळच नाही म्हणून आशाताईच्या भेटीचं निमित्त संपतं. पण त्या आईला दोन-तीन दिवसांत दूध येतं, छाती ठणकते, आणि हे होणार हे कोणीच सांगितलेलं नसतं. दाबून काढत बसू नये, थंड ओलं कापड ठेवावं, छातीला आधार देणारा कपडा घालावा पण आवळून बांधू नये, दूध थांबवायची गोळी डॉक्टरांना विचारावी. "विसरून जा, दुसरं होईल" म्हणू नका. बाळाचं नाव ठेवलं असेल तर त्या नावानं बोला.

कर्ज, नापिकी, नवऱ्याची दारू हे याच घरात, याच महिन्यांत येतं. कपाशीच्या फवारणीचं औषध पलंगाखाली किंवा मोरीच्या कोपऱ्यात असतं. जीव द्यायचा विचार अनेकदा काही मिनिटांचा असतो. तेवढ्यात हात पोचला नाही तर तो टळू शकतो. औषध कुलपाच्या पेटीत ठेवा, किल्ली तिसऱ्याच माणसाकडे. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

एक भोक अजून बुजवायचं आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते, पण बाई तेव्हा माहेरी. ती सासरी परतते तेव्हा या भेटी संपलेल्या असतात आणि पुढची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यात. उदासीनता मात्र याच मधल्या काळात डोकं वर काढू शकते. म्हणून माहेरहून निघण्याच्या दिवशी दोन्ही गावच्या आशाताईंचे फोन नंबर बाळाच्या कार्डाच्या मागे लिहा, आणि माहेरच्या आशाताईनं सासरच्या आशाताईला तिथूनच फोन लावून सांगावं: पोरगी रविवारी येऊन राहिली, बुधवारी जाऊन तिची झोप विचार.