जाळं सुधारायचंय? आधी वाद नीट घाला

देशभराचं ब्रॉडबँड जाळं कसं सुधारावं या वादात उडी घ्यायची असेल, तर पहिलं पथ्य म्हणजे त्या जाळ्याची फार माहिती करून घेऊ नये. माहिती झाली की माणूस मीटर आणि डेसिबलमध्ये बोलायला लागतो आणि मग त्याला चर्चेला कुणी बोलावत नाही. अभ्यासाला ऑस्ट्रेलिया घ्या. तिथलं नॅशनल ब्रॉडबँड नेटवर्क, म्हणजे एनबीएन, हा विषय २००९ पासून धुमसतोय. होतकरू वादपटूला लागणारं सगळं साहित्य त्यात आयतं मिळेल.

सुरुवात रकमेपासून करा. एप्रिल २००९ मध्ये पंतप्रधान केव्हिन रड यांच्या सरकारने जाहीर केलं की दहातल्या नऊ घरांपर्यंत थेट फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारा काचेचा धागा, नेऊ, १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) वेग देऊ, खर्च ४३ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. विरोधकांनी एप्रिल २०१३ मध्ये शेजारी २९.५ अब्जांची पाटी लावली. फायबर रस्त्याकडेच्या कॅबिनेटपर्यंत, म्हणजे यंत्रांच्या पेटीपर्यंत, पुढे घरापर्यंत टेलिफोनची जुनीच तांब्याची तार, आणि २०१६ अखेर सर्वांना किमान २५ एमबीपीएस. सरासरी घराला एवढं पुरून उरेल, असं विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट यांनी सांगून टाकलं. तुम्हीही असंच ठणकावून सांगा. गरज मोजायची ती आजची, जाळं बांधायचं ते पुढच्या पिढीसाठी, आणि या दोन वाक्यांची गाठ कधी पडू द्यायची नाही. कुणी अपलोडचा विषय काढलाच तर "घरून एवढं अपलोड करतं कोण?" असं विचारा. हा प्रश्न साधारण मार्च २०२० पर्यंत बिनधोक चालतो.

(डिसेंबर २०१३ च्या आढाव्यात २९.५ चे ४१ अब्ज झाले आणि २०१८ च्या आराखड्यात ५१. पाटी मात्र २९.५ चीच लक्षात ठेवावी.)

आता तांबं. इथे सगळ्यात जास्त सावध राहावं लागतं. तार जमिनीत आहे एवढंच बोला. कशी आहे, किती लांब आहे, यात शिरू नका. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट नेणारं व्हीडीएसएल२ तंत्र तांब्याच्या जोडीवर १७ मेगाहर्ट्झपर्यंतच्या फ्रिक्वेन्सी पाठवतं. अंतर वाढलं की वरच्या फ्रिक्वेन्सी आधी गळतात. कॅबिनेटपासून दोन-तीनशे मीटरवर धडधाकट तार १०० एमबीपीएस देते. किलोमीटरभरावर तीसच्या आसपास मिळाले तरी पदरात पाडून घ्यावेत. हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं नव्हे, तार जिथून वळणं घेत जाते त्या वाटेचं. तीन घरं पलीकडचा शेजारी दुप्पट वेगाने सिनेमा बघतो तो यामुळे. तुम्ही मात्र वादात सरासरी वेग सांगा, सरासरीत शेजारीही येतो.

तारांचे जोड असलेल्या जमिनीतल्या चेंबरचं झाकण तर अजिबात उघडू नका. आत गुडघाभर पाणी, जोडावर हिरवा गंज आणि कुणा भल्या माणसाने कधीकाळी गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी दिसेल. बोलण्यापुरता असा जोड चालून जातो, थोडी खरखर होते इतकंच. व्हीडीएसएलचा मोडेम मात्र पाऊस पडला की लाइन सोडतो, पुन्हा जुळवतो आणि बरेचदा आधीपेक्षा कमी वेगावर स्थिरावतो. इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे तारेच्या आवरणातून वीज किती गळते ते, मोजला तर असा जोड सापडतो, म्हणून तो सरसकट मोजू नये. तक्रार आली की एकेका घरी माणूस पाठवावा, म्हणजे हा खर्च बांधणीत न धरता देखभालीत टाकता येतो. घरातही तीच कथा. जुन्या काळी खोल्याखोल्यांत समांतर जोडलेले टेलिफोनचे जादा सॉकेट असतात, त्यांच्या मोकळ्या टोकांवरून सिग्नल आपटून परत येतो. पहिल्या सॉकेटपाशी पुढच्या तारा सोडवल्या तर वेग कित्येकदा चटकन वाढतो. पण हा अर्ध्या तासाचा उपाय आहे. तो सांगत बसलात तर वादाची मजा जाईल.

वेग विकताना तार मोजायची नाही, हेही ओघाने आलंच. टेल्स्ट्रा या तिथल्या बड्या टेलिफोन कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये सुमारे ४२ हजार ग्राहकांना भरपाई देण्याचं तिथल्या ग्राहक आयोगाकडे मान्य केलं, कारण त्यांनी घेतलेला वेग त्यांच्या लाइनवर येतच नव्हता. असं प्रकरण अंगाशी आलं तर दोष ग्राहकाच्या वाय-फायला द्या.

खर्च आणि लाभाचा अभ्यास जरूर करवून घ्या, फक्त निर्णयानंतर. एप्रिल २०१४ मध्ये जाळं बांधणाऱ्या एनबीएन कंपनीला मिश्र तंत्रज्ञानाचा (थोडं फायबर, थोडं जुनं तांबं, थोड्या केबल टीव्हीच्या तारा) आदेश गेला आणि ऑगस्टमध्ये सरकारनेच नेमलेल्या व्हर्टिगन समितीचा खर्च-लाभाचा अहवाल आला: मिश्र तंत्रज्ञानच फायद्याचं! वरातीमागून घोडं येतं हे आपल्याला ठाऊक आहे, इथे ते वरातीच्या बाजूने साक्ष द्यायला आलं.

आयत्या तांब्यावर भिस्त ठेवली की नवं तांबंही विकत घ्यावं लागतं, ही तरतूद विसरू नका. नवं कॅबिनेट आणि घरोघरच्या तारा जिथून फुटतात तो जुना वाटप-खांब जोडायला तार लागतेच. २०१५ मध्ये सिनेटच्या समितीपुढे आलेला आकडा: १,८०० किलोमीटर तांबं, १.४ कोटी डॉलर. केबल टीव्हीच्या जाळ्यांचंही तसंच. ऑप्टस या दुसऱ्या कंपनीचं जाळं हिशेबात धरलं आणि २०१६ मध्ये त्याचा बराचसा भाग वापरायचा नाही असं ठरलं. उरलेल्या केबल जाळ्यावर सेवा तुटायला लागली, तेव्हा नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या जोडण्याच थांबवल्या. मोडकं घेऊन दुरुस्त करणं नव्यापेक्षा स्वस्त पडतं, हे गृहीतक मात्र धक्का न लावता जपावं.

कोंडीत सापडलात तर हुकमी पत्ता टाका: "फाइव्ह-जी येतंय, उपग्रह येताहेत, आता खोदाई कशाला?" टॉवरची क्षमता त्याच्या छायेतल्या सगळ्यांत वाटली जाते, संध्याकाळी सात ते अकरा ती वाटणी जाणवते, म्हणून टॉवर जवळजवळ उभारावे लागतात, आणि त्या प्रत्येक टॉवरला खालून फायबरच लागतं. समोरचा एवढं बोलायच्या आत जाहिरातींची वेळ होते. ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहामार्गे मागणी जाऊन उत्तर परत यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, ही बारीकसारीक गोष्ट आहे.

एक माहिती प्रतिपक्षाच्या हाती लागू देऊ नका. घराघरांत गेलेलं फायबर जुनं झालं म्हणून उकरावं लागत नाही. जीपॉन या फायबरच्या जुन्या तंत्रावर एका धाग्यातले सेकंदाला अडीच गिगाबिट साधारण ३२ घरांत वाटले जातात, एक्सजीएस-पॉन या नव्या तंत्रावर दहा गिगाबिट. त्यासाठी एक्स्चेंजमधलं कार्ड आणि घरातला डबा बदलतो, काच तीच राहते. दोन्हींचा प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबीचा असल्याने जुनं-नवं एकाच धाग्यात सुखाने नांदतं. तांब्याचा वेग वाढवायचा तर कॅबिनेट घराच्या जवळ आणावं लागतं, म्हणजे फायबर घराच्या जवळ आणावं लागतं. हे वाक्य पूर्ण केलंत तर वाद तिथेच संपेल.

घोषणांचा क्रमही शिकून घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये ४.५ अब्ज डॉलरची सुधारणा योजना: तांब्यावरच्या लाखो घरांना मागणीनुसार फायबर. डिसेंबर २०२० मध्ये जाळं बांधून पूर्ण झाल्याची घोषणा. आधी दुरुस्ती, मग वास्तुशांत. ऑक्टोबर २०२२ मध्ये आणखी २.४ अब्ज, १५ लाख घरांसाठी. जानेवारी २०२५ मध्ये उरलेल्या ६ लाख २२ हजार घरांसाठी सरकारचे ३ अब्जांपर्यंत आणि कंपनीचे ८० कोटींहून जास्त, मुदत २०३० अखेर. स्वस्तातला पर्याय निवडल्याने केवढी बचत झाली ते प्रत्येक वेळी सांगायला विसरू नका.

आणि समजा वादात न पडता नुसतं फायबरच घ्यायचंय, तर चेंबरपासून घरापर्यंतचा पाइप आधी बघून घ्या. तो चेपलेला किंवा झाडाच्या मुळांनी बुजलेला असला की धागा ओढायला आलेला तंत्रज्ञ तसाच माघारी जातो. खोदाईची माणसं वेगळी, त्यांची तारीख वेगळी. पाइप मोकळा झाला की आत एक ओढदोरी घालून ठेवायला सांगा. मंत्र्यांच्या भाषणात या दोरीला जागा नसते.