प्रिन्स द्वारकानाथांची खरी शिल्लक

जमीनदार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झुंबरं, मैफल आणि लोडाला टेकलेले बाबूमोशाय येतात. देशावर रयतवारी, कोकणात खोत. त्यामुळे बंगाली जमीनदार आपल्याला भेटला तो सिनेमातच. मी कोलकात्याला जोडासांकोची ठाकूरबाडी बघायला गेलो तो रवींद्रनाथांसाठी, आणि डोक्यात घेऊन आलो त्यांच्या आजोबांना. त्या वाड्याकडे जाणारी गल्लीसुद्धा आजोबांच्याच नावाची: द्वारकानाथ टागोर लेन.

१७९३च्या कायमधाऱ्यात जमीनदारांनी ईस्ट इंडिया कंपनीला भरायचा शेतसारा कायमचा ठरला. ठरल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत तो भरला नाही, की जमीनदारी लिलावात. पूर, दुष्काळ, कसलीच सबब चालत नसे. जुनी घराणी अशी बसली, आणि त्यांच्या जमिनी गेल्या शहरातल्या रोकड बाळगणाऱ्या, कायदा कोळून प्यायलेल्या लोकांकडे. द्वारकानाथ त्यातलेच. जमीनदारांना कायद्याचा सल्ला द्यायचा, कंपनीच्या मीठ-अफूच्या खात्यात दिवाणगिरी करायची आणि स्वतःची जमीन वाढवत न्यायची. पुढे कार-टागोर कंपनी, नीळ, राणीगंजची कोळसाखाण, बँक. १८४२ साली स्वतःच्या आगबोटीतून विलायतेला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. साहेबांच्या पंगतीला बसून मांसमद्य घेणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं, हे दिगंबरीदेवींनी पंडितांना विचारलं. सेवा करा, पण संसार नको, असं उत्तर आलं. त्यांनी ते अक्षरशः पाळलं. नवऱ्याशी कामापुरतं बोलावं लागलं, तरी नंतर गंगाजलाने आंघोळ. राणीच्या भेटीपेक्षा मला ही आंघोळ जास्त आठवते.

'पहिले भारतीय उद्योजक' म्हणून त्यांच्यावर कौतुकाच्या पोस्टी फिरतात. फिरू देत, माणूस होताच तेवढा धाडसी. पण याच माणसाने १८४० साली बिराहिमपूर, शाहजादपूर वगैरे जमीनदाऱ्या धंद्याची झळ लागू नये म्हणून ट्रस्टमध्ये टाकून ठेवल्या. धंद्यावर एवढा जीव, पण भरवसा जमिनीवरच! १८४६ला लंडनमध्ये वारले, दोनेक वर्षांत कार-टागोर कंपनी आणि बँक दोन्ही बुडाल्या. मुलगा देवेंद्रनाथ कितीतरी वर्षं कर्ज फेडत राहिले.

नातवंडांच्या वाट्याला आली ती जमीन. सत्येंद्रनाथ पहिले भारतीय आयसीएस झाले, आपल्या साताऱ्याला न्यायाधीश होते, तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. रवींद्रनाथ १८९०च्या सुमारास शिलाईदहला जमीनदारी बघायला गेले, ते याच बिराहिमपूर परगण्यात. त्या कौतुकाच्या पोस्टींमध्ये खाण असते, आगबोट असते, राणी तर असतेच. बिराहिमपूरची कुळं मला अजून एकीतही दिसलेली नाहीत.